राजवाड्यांची जुनी छायाचित्रे वाचताना : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात छायाचित्रकार फेलिचे बिआतोने १८५८ मध्ये घेतलेले लखनौच्या सिकंदर बागेचे छायाचित्र आणि लिनियस ट्राइपने त्याच वर्षी मदुराईत घेतलेली तिरुमल नायक महालाची छायाचित्रे छापली होती. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहोत. एकाच विषयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : सिकंदर बागेच्या छायाचित्राचे रूपात्मक विश्लेषण (म्हणजे आकार, छटा, रचना यांचे वाचन) आम्हाला प्रकल्पासाठी लिहायचे आहे. पण पुढे हाडे आणि मागे फुटकी इमारत दिसली की १८५७च पुढे उभे राहते. रूपाकडे पाहायचे तरी कुठून? (पदव्युत्तर विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : चित्राखालची ओळ झाका. ही ओळ फारच बोलकी आहे. ९३व्या हायलँडर्स आणि ४थ्या पंजाब पलटणीने दोन हजार बंडखोर कापल्यानंतरचा सिकंदर बागेचा अंतर्भाग, असे ती सांगते आणि डोळा तेवढेच शोधू लागतो. निदान पहिला अर्धा तास ती नको.

चित्राच्या प्रतीवर ट्रेसिंग पेपर ठेवा. मऊ पेन्सिलीने फक्त तीन छटा भरा : कोरे पांढरे, मधले करडे, गडद काळे. बारकावे अजिबात काढू नका. आकाश पूर्ण कोरे राहील. इमारत आणि जमीन करड्यात जातील. दारे-खिडक्यांची भोके काळी होतील. पुढच्या जमिनीवर मात्र बारीक उजळ तुकड्यांची पखरण उरेल. चित्रात मोठे आकार वर आहेत आणि बारीक, तुटक आकार खाली, अगदी कॅमेऱ्यापुढे, हे या कागदावर लगेच दिसते. नजर खालून आत शिरते, हाडांवरून ठेचकाळत मागच्या माणसांपर्यंत जाते आणि तिथून खांबांवर चढते. हा क्रम तुमच्या विश्लेषणाचा कणा धरा.

मग माणसांकडे या. मोजकीच आहेत, सोबत एक घोडा. पोशाख देशी आहेत, विजयी पलटणीचा एकही गोरा शिपाई चौकटीत नाही. खांबाशेजारी माणूस किती लहान दिसतो ते पट्टीने मोजा आणि गुणोत्तर लिहा. 'माणसे क्षुद्र भासतात' या वाक्यापेक्षा 'खांबाची उंची माणसाच्या इतक्या पट' हे वाक्य परीक्षकाला काहीतरी सांगते.

यानंतर वहीच्या पानावर तीन रकाने आखा : यंत्रामुळे, जागेमुळे, निवडीमुळे. दिसलेली प्रत्येक गोष्ट यांपैकी एका रकान्यात टाका. कोरे आकाश पहिल्यात जाते, कारण त्या काळचे रसायन निळ्या प्रकाशाला इतके संवेदनशील होते की जमीन नीट उठेपर्यंत आकाश जळून जाई. त्यावरून 'रिक्ततेचे प्रतीक' वगैरे लिहिलेत तर गुण जातील आणि ते योग्यच होईल. इमारतीची भोके दुसऱ्या रकान्यात. तिसऱ्या रकान्यात मात्र सावकाश लिहा : कॅमेरा कुठे ठेवला, किती उंचीवर, पुढची जमीन चौकटीत किती घेतली, माणसांना कुठे उभे केले. पुढची एवढी जमीन घेण्याची इमारतीला गरज नव्हती. ती हाडांसाठी घेतली आहे.

आता झाकलेली ओळ उघडा आणि तारखा मांडा. सिकंदर बागेतली कत्तल १६ नोव्हेंबर १८५७ची. बिआतो हिंदुस्थानात आला १८५८च्या सुरुवातीला, आणि मार्चमध्ये इंग्रजांनी लखनौ पुन्हा घेतल्यानंतर त्याने ही चित्रे काढली. मधे निदान चार महिने गेले. सर जॉर्ज कॅम्पबेल या अधिकाऱ्याने आपल्या आठवणींत लिहिले आहे की मृतांचे अवशेष झाकून टाकले होते, पण छायाचित्रकाराने ते चित्रासाठी उघडे करायला लावले. या साक्षीवर अभ्यासकांत वाद आहेत. रूपात्मक विश्लेषण तो वाद मिटवू शकत नाही. हाडे भिंगाला आणि रचनेला सर्वांत सोयीच्या जागी पडली आहेत, एवढे ते ठामपणे दाखवू शकते. हाडे तिथे कुणी ठेवली, हे कागदपत्रांचे काम. ही सीमा तुमच्या लेखात स्पष्ट आखा, बहुतेक प्रकल्प नेमके इथेच घसरतात.

आणखी एक. शीर्षकात 'अंतर्भाग' असला तरी हे खोलीच्या आतले चित्र नाही. अवधचा शेवटचा नवाब वाजिद अली शाह याने बांधलेल्या तटबंद बागेच्या आतले, म्हणजे उघड्या आभाळाखालचे आहे. त्यामुळे पुढच्या प्रश्नांतली प्रकाशाची रडकथा इथे लागू होत नाही.

प्रश्न : कॅमेरा किती उंचीवर होता हे चित्रावरून खरेच काढता येते का, की तो अंदाजच? (छायाचित्रकार, नाशिक)

उत्तर : काढता येते, आणि लागते फक्त पट्टी आणि पेन्सिल. इंटरमिजिएट ड्रॉइंगला ज्यांनी यथार्थदर्शन केले असेल त्यांना पाच मिनिटांचे काम आहे.

एखाद्या दरबार हॉलचे चित्र घ्या. एकमेकींना समांतर असलेल्या आडव्या रेषा निवडा : फरशीचे सांधे, गालिच्याची किनार, दोन्ही भिंतींवरची कंगणी (छताजवळची पुढे आलेली पट्टी). निदान चार रेषा लांबवा. त्या जिथे मिळतात तो व्हॅनिशिंग पॉइंट. त्यातून आडवी रेघ काढली की ती भिंगाची उंची. आता त्या जमिनीवर उभा असलेला माणूस शोधा. समजा त्याची चित्रातली उंची २२ मिलिमीटर आहे आणि रेघ त्याला पायापासून १६ मिलिमीटरवर छेदते. माणूस १६५ सेंटिमीटरचा धरला तर १६ भागिले २२ गुणिले १६५, म्हणजे भिंग १२० सेंटिमीटरवर. मागे उभा असलेला दुसरा माणूस ११ मिलिमीटरचा असेल तर रेघ त्याला ८ मिलिमीटरवर छेदायला हवी. नाही छेदली तर तो पायरीवर किंवा चौथऱ्यावर उभा आहे. सिंहासनाचा चौथरा समोरून दिसत नसला तरी असा पकडता येतो.

व्हॅनिशिंग पॉइंट चित्राच्या बरोबर मध्यावर आहे का तेही पाहा. नसेल तर दोन शक्यता : कॅमेऱ्याचा पुढचा भाग वर-खाली किंवा बाजूला सरकवला होता, नाहीतर प्रिंट कापला आहे. पहिली शक्यता फार नेहमीची. उंच खांब सरळ दिसावेत म्हणून कॅमेऱ्याची मागची पाटी ओळंब्यात ठेवायची आणि भिंगाची पाटी वर सरकवायची, अशी पद्धत होती. कॅमेराच वर तिरका केला असता तर खांब वर जाताना एकमेकांकडे झुकले असते. उभ्या रेषा समांतर असून क्षितिजरेषा खालच्या तिसऱ्या भागात असेल तर पाटी सरकवली होती असे लिहायला हरकत नाही. पण आधी प्रिंटच्या कडा बघा.

कडेचे खांब बाहेरच्या बाजूला पोट काढल्यासारखे वाकलेले दिसले तर ती इमारतीची चूक नाही. साध्या लँडस्केप भिंगाचा हा दोष आहे. डालमायरचे रॅपिड रेक्टिलिनियर आणि श्टाइनहाइलचे अप्लानॅट ही दोन भिंगे १८६६ मध्ये आली, त्यानंतर सरळ रेषा सरळ राहू लागल्या. म्हणून वाकलेला खांब हा काळाचा थोडाफार पुरावाही ठरतो. थोडाफारच, कारण जुनी भिंगे लोक पुढे वर्षानुवर्षे वापरत.

प्रश्न : आमच्याकडच्या जुन्या अल्बममध्ये एका संस्थानी महालाच्या दिवाणखान्याचे चित्र आहे. खिडक्यांभोवती धुक्यासारखे तेज आहे, झुंबराचे लोलक पुसट आहेत, आणि खुर्चीवर अर्धपारदर्शक माणूस बसला आहे. घरात त्याला भूत म्हणतात. (सांगली)

उत्तर : भुताने कॅमेऱ्यापुढे काही मिनिटे दम धरला आणि मग उठून गेला, एवढाच त्याचा अपराध. एक्स्पोजर, म्हणजे भिंग उघडे ठेवण्याचा वेळ, दहा मिनिटांचे असेल आणि माणूस पाच मिनिटे बसला असेल तर उरलेली पाच मिनिटे त्याच्या मागची खुर्ची उमटत राहते. दोन्ही एकमेकांतून दिसतात. सरळ चालत गेलेला नोकर तर उमटतच नाही. म्हणून जुन्या दरबारांत माणसे नाहीत याचा अर्थ तिथे माणसे नव्हती असा होत नाही.

झुंबराचे कारण तेच, लोलक वाऱ्याने हलतात. वरचा दांडा ठळक आणि खालचे लोलक पुसट असतील तर हालचाल, सगळेच सारखे पुसट असेल तर फोकस चुकला. छताचा पंखा ओढला जात असेल तर तो करडा पट्टा होऊन बसतो.

खिडकीचे तेज म्हणजे हॅलेशन. प्रखर प्रकाश काचेवरचा थर भेदून काचेच्या पाठीवर आपटतो, तिथून परततो आणि आजूबाजूचा थर काळा करतो. निगेटिव्हमध्ये काळे ते प्रिंटमध्ये पांढरे, म्हणून चौकटीच्या लाकडावर तेज सांडल्यासारखे दिसते. पुढे कोरड्या काचा (आधीच थर देऊन वाळवलेल्या) आल्यावर जाणकार छायाचित्रकार काचेच्या पाठीला जळकी साखर आणि बर्न्ट सिएना रंग यांचा लेप लावत, तो हा परतीचा प्रकाश गिळायचा. कागदी निगेटिव्हमध्ये असे वलय सहसा दिसत नाही, तिथे कागदाच्या तंतूंचा रवाळपणा दिसतो. दुसरी युक्ती झडपांची : चौकटीत येणाऱ्या खिडक्या बहुतेक वेळ बंद ठेवायच्या, कॅमेऱ्यामागच्या उघड्या, आणि शेवटी थोड्या वेळापुरत्या पुढच्या उघडायच्या. एखाद्या चित्रात खिडकीबाहेरची झाडे दिसत असूनही आतले कोपरे उजळ असतील तर असे काही केले असण्याची दाट शक्यता आहे.

दिवाणखान्यात घड्याळ आहे का? असल्यास भिंग लावून तबकडी पाहा. मिनिटकाटा मिनिटाला ६ अंश सरकतो. एक्स्पोजर दोन-तीन मिनिटांचे असेल तर काट्याच्या जागी पंख्यासारखी करडी पाचर दिसते. पाचर १८ अंशांची, तर सुमारे तीन मिनिटे. वेळ जसा वाढतो तशी पाचर फिकट होते आणि पंधरा-वीस मिनिटांत मिनिटकाटा जवळजवळ नाहीसा होतो. तासकाटा मात्र मिनिटाला अर्धाच अंश सरकतो, तो उरतो. दोन्ही काटे कोरल्यासारखे स्वच्छ असतील तर एक्स्पोजर अगदी थोडे होते, नाहीतर घड्याळ बंद होते. संस्थानी महालांत दुसरी शक्यता कमी लेखू नका! तासकाट्यावरून वेळ कळली आणि प्रकाश कोणत्या बाजूने येतो ते दिसले की खिडक्या पूर्वेच्या की पश्चिमेच्या, हेही ठरवता येते.

आरसे राहिले. महालात आरसे असतातच आणि छायाचित्रकाराला ते नकोसे असतात. आरशात तिवई, काळे कापड, टोपी घातलेला माणूस सापडतो का बघा. सापडत नसेल तर कॅमेरा आरशाला तिरका ठेवला होता, आणि त्यामुळेच चित्र कोनातून घेतले असू शकते. कोनातून घेण्याला 'गतिमान रचना' म्हणण्याआधी हे तपासलेले बरे.

प्रश्न : ट्राइपची मदुराईची चित्रे इतकी निर्मनुष्य का? हा वसाहतवादी दृष्टिकोन आहे, असे एका व्याख्यानात ऐकले. (ठाणे)

उत्तर : दृष्टिकोन आहेच, पण तो रिकामेपणात नाही, दुसरीकडे आहे.

ट्राइप मद्रास फौजेतला अधिकारी. १८५५ मध्ये ब्रह्मदेशात गेलेल्या शिष्टमंडळाबरोबर तो छायाचित्रकार म्हणून होता. नंतर मद्रास सरकारचा छायाचित्रकार झाला आणि डिसेंबर १८५७ ते एप्रिल १८५८ या काळात श्रीरंगम, तिरुचिरापल्ली, मदुराई, पुदुकोट्टै, तंजावूर असा फिरला. त्याने ओल्या काचा (थर ओला असतानाच वापरायच्या) न वापरता मेणकागदाची निगेटिव्ह वापरली. ओली काच दक्षिणेतल्या उन्हाळ्यात काही मिनिटांत वाळते, आणि वाळली की संपली. थर देणे, चांदीच्या द्रावणात बुडवणे, एक्स्पोजर, डेव्हलपिंग, सगळे त्या अवधीत उरकायचे. अर्धा तास लागणाऱ्या अंधाऱ्या दालनात ते अशक्यच. मेणकागद आधी तयार करून ठेवता येतो आणि सावकाश वापरता येतो. किंमत एकच : तो मंद आहे. त्यापुढे इतका वेळ कोण स्तब्ध उभा राहणार? रिकामेपणाचा मोठा वाटा पहिल्या, 'यंत्रामुळे' या रकान्यातला, तो असा.

निवड पाहायची तर खांबांच्या रांगेकडे बघा. तिरुमल नायकाचा महाल सतराव्या शतकातला, विटांचा, वर चुन्याचा गिलावा आणि गचकाम (चुन्यातली नक्षी). जाडजूड खांब, त्यांवर कमानी, वर घुमट. अशा जागेत कॅमेरा रांगेच्या मधोमध ठेवला तर दोन्ही बाजू सारख्या मिटत जातात आणि चित्र मध्यात खोल जाते. एका बाजूला सरकवला तर जवळचा खांब चौकटीचा मोठा तुकडा खातो, पण त्याच्या गिलाव्याचा पोत हाताला लागेल इतका जवळ येतो. प्रत्येक चित्रात यांपैकी काय केले आहे आणि त्यामुळे काय दिसेनासे झाले, हे लिहा. मग प्रकाश : अंगणाकडून आडवा येणारा प्रकाश खांबाची एक बाजू उजळतो आणि दुसरी अंधारात ठेवतो, त्यामुळे गोलाई कळते. पडझड ही याच आडव्या उजेडात सर्वांत ठळक दिसते. सरकारला मोडकळीची नोंद हवी होती आणि हा उजेड नोंदीला सोयीचा आहे. दृष्टिकोन शोधायचा तर इथे शोधा.

ट्राइपबाबत सावधगिरीची एक बाब. तो निगेटिव्हवर हाताने रंग भरत असे. आकाश, ढग, कधी झाडांची पाने. त्याच्या चित्रात ढग दिसले की ते हवामान समजू नका. भिंगाखाली ढगाच्या कडा ब्रशच्या फटकाऱ्यासारख्या दिसतात.

हा महाल पुढे लॉर्ड नेपियर मद्रासचा गव्हर्नर असताना, १८६६ ते १८७२ या काळात, दुरुस्त झाला. त्यामुळे तारीख नसलेले एखादे चित्र हाती आले तर गिलाव्याची अवस्था ट्राइपच्या चित्रांशी ताडून ते दुरुस्तीआधीचे की नंतरचे हे सांगता येते. तंजावूरचे मराठी राज्य तेव्हा नुकतेच बुडाले होते. दुसरे शिवाजीराजे १८५५ मध्ये वारले आणि कंपनीने वारस मानला नाही. ट्राइपने तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या पायथ्याचा तमिळ शिलालेख २१ प्रिंट जोडून सुमारे १९ फूट लांबीच्या एकाच पट्टीत उतरवला. इतके करूनही गव्हर्नर ट्रेव्हेल्यनने हा खर्च चैनीचा ठरवला आणि ते छायाचित्रणाचे खातेच गुंडाळले.

प्रश्न : लाल गालिचा काळा आणि निळा रेशमी पडदा पांढरा का दिसतो? (लातूर)

उत्तर : काचेवरच्या जुन्या रासायनिक थराला, कोलोडियनला, फक्त निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश दिसे. लाल रंग त्याच्या लेखी अंधारच. सोनेरी नक्षीही पिवळसर असल्याने अपेक्षेपेक्षा गडद येते, चमकली तर तेवढ्या जागी पांढरी. १८८०च्या दशकात ऑर्थोक्रोमॅटिक काचा आल्या, त्यांना हिरवा-पिवळा दिसू लागला, लाल तरीही नाही. छायाचित्रकार लाला दीनदयाळांनी निजामाच्या काळातल्या हैदराबादी महालांची जी चित्रे काढली, ती पाहताना हे ध्यानात ठेवा. खोली जेवढी अंधारी दिसते तेवढी ती नसणार. त्या दिवाणखान्यांत सामानाची जी दाटी दिसते तिच्यातही भिंगाचा हात असतो. कॅमेरा भिंतीला टेकवून रुंद कोनाचे भिंग लावले की पुढचा गालिचा अवाढव्य होतो आणि कडेच्या खुर्च्या ताणल्या जातात. मधल्या खुर्चीची रुंदी आणि कडेच्या तशाच खुर्चीची रुंदी मोजून पाहा.

प्रश्न : वाड्याच्या दिवाणखान्याचा जुना प्रिंट आहे, सुरूचे खांब स्पष्ट दिसतात. तो किती जुना आहे, हे घरी कळेल का? आणि स्कॅन कसा करावा? (सातारा)

उत्तर : दहा ते तीस पटींचे भिंग आणि कडेने पडणारा उजेड लागेल. पृष्ठभाग मंद, कागदाचे तंतू उघडे आणि चित्र कागदात मुरलेले दिसले तर सॉल्ट प्रिंट (मिठाच्या द्रावणाने तयार केलेल्या कागदावरचा). हलकी चमक, तिच्याखालून तंतू दिसतात, उजळ भाग पिवळट आणि चमकेवर केसासारख्या बारीक भेगा, तर अल्ब्युमिन (अंड्याच्या पांढऱ्याचा थर असलेला). हा १८५० नंतरचा आणि शतकाच्या अखेरीपर्यंत चाललेला प्रकार. तंतू अजिबात दिसत नसतील तर कागदावर बॅराइटाचा पांढरा थर आहे, म्हणजे प्रिंट साधारण १८८५ नंतरचा. निगेटिव्ह जुने आणि प्रिंट नवा असेही होते, त्यामुळे यातून कळते ते प्रिंटचे वय.

लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा. त्या काळी प्रिंटचा कागद निगेटिव्हवर टेकवून प्रिंट उन्हात काढत, मोठे करण्याची सोय क्वचितच होती. त्यामुळे न कापलेला प्रिंट जेवढा, काच तेवढी. १० × १२ इंचांचा प्रिंट म्हणजे तेवढी काच पेलणारा कॅमेरा, तिवई, मदतनीस आणि अंधारतंबू असा सगळा लवाजमा वाड्यात आला होता.

प्रिंट पुठ्ठ्यावरून सोडवू नका. अल्ब्युमिनचा कागद फार पातळ असतो, सुटताना गुंडाळी होते आणि थर तडकतो. पाणी, ओले फडके, चिकटपट्टी काहीही नको. स्कॅन रंगीतच करा, ६०० डीपीआयवर, टिफ (TIFF) फाइलमध्ये, पुठ्ठ्याच्या कडा आणि मागची बाजू धरून. आपोआप उजळवणारे सगळे पर्याय बंद ठेवा. ते चालू असले तर पिवळेपणा जातो आणि काळ्या कोपऱ्यांतले तपशील मिटतात. वक्र झालेला पुठ्ठा स्कॅनरच्या झाकणाखाली दाबू नका, तो सपाट पृष्ठभागावर ठेवून कॅमेऱ्याने घ्या, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत सारखे दिवे लावून. चकाकी आली तर दिवे आणखी आडवे करा. मागे शाईने काही लिहिले असेल तर तेही त्याच बैठकीत टिपून ठेवा. एका वेळी एकच प्रिंट बाहेर काढा.